हरकत आजच घ्या, नाहीतर विसरा: ड्रॅग रेसिंगमधल्या एका नियमाचा हिशेब

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर, शनिवारी संध्याकाळी शर्यत हरलेल्या माणसाला समोरच्या गाडीबद्दल संशय आला, तर त्याच्या हातात वेळ किती असतो? हौशी शर्यतींच्या बहुतेक नियमपुस्तकांत उत्तर एकाच धाटणीचं असतं: आजचा दिवस. कुठे पुढची फेरी सुरू होईपर्यंत, कुठे निकाल जाहीर झाल्यावर अर्धा-एक तास. फाटक बंद होऊन ट्रेलर घराकडे निघाले की विषय संपला. रविवारी कुणी फोटो दाखवला, सोमवारी एखाद्या मेकॅनिकने तोंड उघडलं, तरी निकाल तोच राहतो आणि बक्षिसाचे पैसेही त्याच खिशात राहतात.

पहिल्यांदा ऐकताना हा नियम चोराच्या सोयीसाठी केलेला वाटतो. जरा विचार केला की उलट वाटू लागतं, प्रामाणिकपणे जिंकलेल्या माणसाला झोप लागावी म्हणूनच तो केलाय असं. दोन्ही समजांत तथ्य आहे, कारण या एका नियमाच्या पोटात तीन वेगळ्या मुदती आहेत: तक्रार कधीपर्यंत करायची, तपासणी कधीपर्यंत करायची आणि निकाल कायमचा कधी करायचा. पहिली मुदत छोटी असणं रास्त आहे, असं माझं मत आहे. घोळ होतो तो उरलेल्या दोन मुदतीही तिच्याच दावणीला बांधल्यामुळे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांनी विदर्भातला शंकरपट डोळ्यांसमोर आणावा. शेजारी-शेजारी दोन सरळ पट्टे, दोन जोड्या, वळण नाही, काही सेकंदांचा मामला. बैलांच्या जागी गाड्या आल्या की ड्रॅग रेस झाली. पट्टा पाव मैलाचा, म्हणजे १,३२० फूट किंवा साधारण ४०२ मीटर. पुष्कळ छोट्या ट्रॅकवर त्याच्या निम्मा, ६६० फूट. हरला तो बाद, जिंकला तो पुढच्या फेरीत. रस्त्यावर चालणाऱ्या या उद्योगाला नियमांच्या आणि सुरक्षिततेच्या चौकटीत आणण्यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, सुरू केली. आज टीव्हीवर दिसतात त्या हजारो हॉर्सपॉवरच्या व्यावसायिक गाड्या या खेळाचं वरचं टोक. त्याखाली आठवडाभर नोकरी करून शनिवारी स्वतःची गाडी ट्रेलरवर चढवणाऱ्यांची मोठी दुनिया आहे आणि प्रोटेस्टच्या, म्हणजे हरकतीच्या, नियमांचे चटके तिथेच बसतात.

सुरुवातीच्या काळात झेंडा दाखवणारा माणूस शर्यत सोडायचा. साहजिकच त्याने कुणाला झुकतं माप दिलं यावरून भांडणं व्हायची. १९६३ पासून त्याच्या जागी दिव्यांचा खांब आला, ज्याला सगळे ख्रिसमस ट्री म्हणतात. सुरुवातीच्या रेषेवर जमिनीलगत प्रकाशाचा किरण असतो. पुढच्या चाकाने तो अडवला की गाडी ‘स्टेज’ झाली, किरण पुन्हा मोकळा झाला की गाडी निघाली. हिरव्या दिव्याच्या आधी निघाली तर लाल दिवा लागतो आणि गाडी बाद. शर्यत संपली की चालकाच्या हातात एक चिठ्ठी पडते, टाइम स्लिप. दिवा लागल्यापासून निघायला किती वेळ घेतला, पहिले ६० फूट किती सेकंदात, अर्धं अंतर किती सेकंदात, शेवटी वेग किती, सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत.

या खांबाने आणि चिठ्ठीने भांडणाचा एक अख्खा प्रकार संपवला. कोण आधी निघालं, कोण आधी पोचलं, यावर आता सहसा कुणी हरकत घेत नाही. जागतिक मोटर स्पोर्टची शिखर संस्था एफआयए तर आपल्या क्रीडा संहितेत सरळ सांगते, की ज्यांना ‘वस्तुस्थितीचे पंच’ म्हणून नेमलंय त्यांच्या निर्णयाविरुद्ध प्रोटेस्ट करता येत नाही. मग भांडण उरतं कशाचं? गाडी नियमात बसते का, एवढ्याचंच. आणि हे ठरवणं किती अवघड, ते शर्यतीच्या प्रकारावर अवलंबून आहे.

जिथे प्रोटेस्टची गरजच कमी

हौशी ड्रॅग रेसिंगचा मोठा भाग ‘ब्रॅकेट’ पद्धतीचा असतो. यात गाडी किती वेगवान आहे याला महत्त्व नाही. आपली गाडी किती सेकंदात जाईल हे चालक आधीच सांगतो आणि तो आकडा काचेवर लिहितो. हा त्याचा ‘डायल-इन’. समजा माझा आकडा १२.५० आणि समोरच्याचा १०.००. मग मला अडीच सेकंद आधी हिरवा दिवा मिळेल. दोघांनी अचूक गाडी चालवली तर दोघं जवळपास एकाच क्षणी शेवटच्या रेषेवर पोचतील. पण मी १२.४९ सेकंदात पोचलो, म्हणजे सांगितल्यापेक्षा जास्त वेगाने गेलो, तर तो ‘ब्रेकआउट’ आणि मी हरलो. दोघांनीही ब्रेकआउट केला, तर ज्याने कमी फरकाने केला तो जिंकतो.

यातली खुबी अशी, की इंजिनात चोरी करून काही मिळतच नाही. चोरून मोठं इंजिन बसवलं तर गाडी वेगाने जाईल, पण मग डायल-इनही तेवढाच खाली लिहावा लागेल, नाहीतर ब्रेकआउट. नियमच असा बांधलाय की फसवणुकीचा फायदा मुळातून कापला जातो. नियम लिहिणाऱ्यांनी पोलिसगिरी करण्याऐवजी चोरीला काही अर्थच राहू नये अशी व्यवस्था केली. या खेळातली मला आवडणारी सर्वांत हुशार गोष्ट हीच.

तरीही एक फट राहते, ती सुटण्याच्या क्षणी. वरच्या वर्गांत ‘डिले बॉक्स’ नावाचं यंत्र चालतं: पहिला पिवळा दिवा दिसताच चालक बटण सोडतो आणि पुढचा ठरलेला वेळ यंत्र मोजून गाडी सोडतं. खालच्या वर्गांत त्यावर बंदी असते, तिथे माणसाच्या डोळ्या-हातांवरच भिस्त. अशा बंदीच्या वर्गात कुणी ते यंत्र दुसऱ्याच एखाद्या निरुपद्रवी दिसणाऱ्या डबीत लपवून आणलं, तर त्याला खरा फायदा होतो, कारण ब्रॅकेटमध्ये सामना बहुतेक वेळा सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरतो. म्हणजे ब्रॅकेटमधली हरकत इंजिनापेक्षा तारांवरून जास्त येते. याकडे पुन्हा यावं लागेल.

जिथे इंजिन उघडावं लागतं

दुसऱ्या बाजूला वर्गवारीच्या शर्यती आहेत. एनएचआरएच्या स्टॉक आणि सुपर स्टॉक गटांत गाडीचं वजन आणि तिच्या इंजिनाला ठरवून दिलेली हॉर्सपॉवर यांच्या गुणोत्तरावरून वर्ग ठरतो. एकाच वर्गातल्या दोन गाड्या समोरासमोर आल्या की सवलत नाही, ब्रेकआउट नाही. दोघी एकदम सुटतात आणि आधी पोचेल ती जिंकते. छोट्या ट्रॅकवरच्या ‘हेड्स-अप’ वर्गांतही असंच. इथे चोरून आणलेला प्रत्येक हॉर्सपॉवर थेट कामाला येतो.

चोरी किती सहज लपते याचं गणित बघा. अमेरिकन गाड्यांत घरोघरी माहीत असलेलं शेव्हरोलेचं ३५० घनइंचाचं आठ सिलिंडरचं इंजिन घेऊ. सिलिंडरचा व्यास ४ इंच, पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे त्याच्या वर-खाली जाण्याचं अंतर, ३.४८ इंच. एका सिलिंडरचं आकारमान काढून आठने गुणलं की ३५० येतात. जुन्या इंजिनाचे सिलिंडर झिजले की ते थोडे रुंद करतात, व्यास ४.०३ केला की ३५५ होतात. आता त्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यात, ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) बसवला तर आकडा जातो ३८३ वर. अमेरिकेतल्या गॅरेजांमध्ये हा बदल इतका रुळलेला आहे की ‘३८३’ एवढं म्हटलं तरी समोरच्याला कळतं. आणि बाहेरून? तोच ब्लॉक, तीच हेड्स (सिलिंडरवरची झाकणं), तोच रंग. बाजूला उभं राहून कुणालाही फरक सांगता येणार नाही. ३० घनइंच जास्तीचं इंजिन तुमच्या डोळ्यांदेखत जिंकून जातं आणि तुमच्याकडे फक्त एक शंका आणि एक टाइम स्लिप असते.

म्हणून ‘टेअरडाउन’, म्हणजे इंजिन उघडून मोजमाप. सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक, व्हॉल्व्हचे आकार, कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह किती उचलतो, हेडच्या पोकळीत किती द्रव मावतो, हे सगळं बघितलं जातं. इंडियानापोलिसला होणाऱ्या यूएस नॅशनल्स या एनएचआरएच्या मोठ्या स्पर्धेत वर्ग जिंकणाऱ्या स्टॉक आणि सुपर स्टॉक गाड्यांना या तपासणीतून जावं लागतं. लक्षात घ्या, तिथे कुणी तक्रार करण्याची वाट बघितली जात नाही. जिंकलात ना, मग इंजिन उघडा. छोट्या ट्रॅकला हे परवडत नाही, म्हणून तिथे हरलेल्याने तक्रार करायची आणि त्याचे पैसेही त्यानेच भरायचे अशी रीत पडली.

पुराव्याचं आयुष्य

आता मूळ प्रश्न. त्याच दिवशीची मुदत का? सर्वांत भक्कम कारण असं, की इथला बराचसा पुरावा नाशवंत असतो.

पट्ट्याची सीमारेषा ओलांडली का, हे त्या क्षणी पंचाने पाहिलं तर पाहिलं. वजन शर्यत संपताच काट्यावर घेतलं तरच खरं; पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेत, जाऊन शिशाचे दोन ठोकळे काढायला किंवा घालायला पाच मिनिटं पुरतात. इंधनाचंही तसंच. बंदी असलेला पदार्थ पेट्रोलमध्ये मिसळलाय का हे ओळखण्यासाठी अधिकारी त्याचा विद्युत गुणधर्म मोजणारं छोटं उपकरण वापरतात. पण टाकी रिकामी करून दुसरं पेट्रोल भरलं की मोजायला काही उरत नाही. नायट्रस ऑक्साइडची, म्हणजे इंजिनाला तात्पुरती जास्त ताकद देणाऱ्या वायूची, लपवलेली बाटली तर टेम्पोत टाकून घरी नेता येते.

इंजिन एका रात्रीत विरघळत नाही, हे खरं. पण सोमवारी गॅरेजमध्ये असलेलं इंजिन शनिवारी पळालेलंच आहे हे कोण सिद्ध करणार? आणि दोन्ही बाजूंनी बघा. चोराला इंजिन बदलायला वेळ मिळतो, हे झालंच. पण प्रामाणिक माणसालाही, ज्याने दरम्यान खरोखरच काही दुरुस्ती केली असेल, स्वतःचं निरपराधपण सिद्ध करता येत नाही. गाडी ट्रॅकच्या फाटकाबाहेर गेली की तिच्याबद्दल कुणीच छातीठोकपणे काही सांगू शकत नाही. तक्रारीची मुदत छोटी असण्याचं हे कारण मला पूर्ण पटतं.

पण हाच तर्क इलेक्ट्रॉनिक्सला लावला की तो उलटतो. आजच्या इग्निशन बॉक्समध्ये किंवा इंजिन चालवणाऱ्या संगणकात चाकं घसरू न देणारी प्रणाली लपवायची असेल तर ती सॉफ्टवेअरच्या चार ओळींत मावते. ती पकडायला स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च पुरत नाही. त्या यंत्राची जाण असलेला माणूस, योग्य केबल, सॉफ्टवेअर आणि निवांत वेळ लागतो. रात्री नऊ वाजता ट्रॅकवरच्या तपासनिसाकडे यातलं काहीही नसतं. तो डबी उघडतो, आत सर्किट दिसतं, तो डबी बंद करतो. ‘काही आढळलं नाही’ असा शेरा पडतो आणि नियमाप्रमाणे गाडी निर्दोष ठरते. तक्रार वेळेत झाली होती, माणसाने पैसे भरले होते, संशयही बरोबर होता. कमी पडला तो तपासणीला दिलेला वेळ.

खेळाच्या दुनियेत याच्या अगदी विरुद्ध टोकाचं उदाहरण म्हणजे उत्तेजक द्रव्यांची चाचणी. तिथे नमुने गोठवून ठेवतात आणि जागतिक संहितेनुसार कारवाईची मुदत दहा वर्षांची आहे. ऑलिंपिक पदकं कित्येक वर्षांनंतर परत घेतली गेली आहेत. ते शक्य होतं, कारण नमुना त्याच दिवशी घेऊन सीलबंद केलेला असतो. पुरावा पकडण्याची वेळ आणि तो वाचण्याची वेळ तिथे वेगळी केली आहे. इंजिनाची बाटली भरून ठेवता येत नाही हे मान्य, पण इंधनाची ठेवता येते, आणि हाताएवढ्या डबीला सील ठोकून ती पाकिटात घालायलाही अडचण नसावी.

बाद पद्धतीची गाठ

त्याच दिवशीच्या नियमाला आणखी एक भक्कम कारण आहे आणि त्याची चर्चा कमी होते. ड्रॅग रेसिंगमध्ये क्रमवारी नसते.

रॅलीत किंवा सर्किटवर सगळे एकाच शर्यतीत असतात. पहिला अपात्र ठरला तर दुसरा पहिला होतो, तिसरा दुसरा. सरळ हिशेब. इथे ३२ गाड्या असतील तर पाच फेऱ्या आणि एकूण ३१ लढती होतात. विजेता पाच जणांना हरवून वर आलेला असतो. आता दोन दिवसांनी कळलं की त्याचं इंजिन बेकायदा होतं, तर विजेतेपद कुणाला द्यायचं? अंतिम फेरीत हरलेल्याला, असं पटकन वाटतं. पण उपांत्य फेरीत याच बेकायदा गाडीकडून हरलेला माणूस कदाचित त्या उपविजेत्याला हरवू शकला असता. आणि त्याच्याआधी, पहिल्याच फेरीत बाहेर गेलेला? त्याच्यावरही तेवढाच अन्याय झालाय. पाच जणांचं नुकसान झालंय, भरपाईसाठी खुर्ची एकच आहे, आणि ज्या लढती झाल्याच नाहीत त्यांचा निकाल कोणत्याही टेबलावर लावता येत नाही.

तीच तक्रार पहिल्या फेरीनंतर लगेच झाली असती तर? गाडी बाद, हरलेल्याला परत संधी द्यायची की नाही ते त्या-त्या आयोजकाच्या नियमाप्रमाणे, आणि स्पर्धा पुढे चालू. उरलेल्या चौघांच्या वाट्याला ती गाडी आलीच नसती. उशिरा आलेलं सत्य इथे निकाल फक्त पुसू शकतं, दुरुस्त करू शकत नाही. मोठ्या मुदतीची मागणी करणारे लोक हा मुद्दा सहसा टाळतात.

पण याच बाद पद्धतीमुळे नियमात एक बारीक अन्याय शिरतो, तो मुदत कुठून मोजायची यात. काही ठिकाणी मुदत तुमच्या स्वतःच्या लढतीपासून धरतात. दुपारी चारला पहिल्या फेरीत हरलेल्या माणसाला त्या वेळी संशय यायचं कारण नसतं; तो म्हणतो, समोरचा चांगला पळाला. संध्याकाळी तीच गाडी फेरीमागून फेरी त्याच वर्गातल्या सगळ्यांना दोन-दोन गाड्यांच्या अंतराने मागे टाकताना दिसते, तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. तोवर त्याचा हक्क संपलेला असतो. एफआयएच्या संहितेत गाडीच्या वैधतेबद्दलच्या हरकतीसाठी तात्पुरता निकाल प्रसिद्ध झाल्यापासून ३० मिनिटं दिलेली आहेत. ३० मिनिटं म्हणजे चहा गार व्हायच्या आत, पण ती निकालापासून मोजली जातात. छोट्या खिडकीतही न्याय होऊ शकतो, ती योग्य वेळी उघडली तर. भारतात एफएमएससीआय ही एफआयएशी संलग्न संस्था आहे, त्यामुळे तिच्या परवान्याखालच्या स्पर्धांना हीच चौकट लागू होते. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ला गाडी किंवा बाइक पळवायला जाणाऱ्या आपल्याकडच्या हौशी मंडळींनी कोणत्याही स्पर्धेच्या पूरक नियमांत हे एक कलम आधी शोधावं: मुदत किती, आणि मोजायची कुठून.

पैसे कुणाचे, भीती कुणाची

तक्रारीसोबत रोख रक्कम भरावी लागते. तक्रार खरी निघाली तर पैसे परत. खोटी निघाली तर ते ज्याचं इंजिन उघडलं त्याला मिळतात, काही ठिकाणी ट्रॅकचा वाटा कापून. यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. इंजिन उघडणं म्हणजे गॅस्केट गेली, तेल गेलं, रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी रविवारची शर्यत असेल तर तीही गेली. फुकट तक्रार करता आली तर प्रतिस्पर्ध्याला रविवारी घरी बसवण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय ठरेल. म्हणून फी हवीच.

पण आकडे मांडून बघा. समजा वर्गाचं बक्षीस ५०० डॉलर आणि टेअरडाउनची फी ४०० डॉलर आहे. पहिल्या फेरीत हरलेल्याला तक्रार सिद्ध करूनही मिळणार काय? फी परत आणि फार तर पुन्हा संधी. चूक ठरला तर ४०० गेले. शिवाय हे पैसे रोख, आत्ता, खिशात असायला हवेत. म्हणजे तक्रारीचा हक्क कागदावर सगळ्यांना असला तरी वापरता येतो तो खिसा जड असणाऱ्याला. आणि तक्रार केली की सगळ्या पिटला कळतं. छोट्या ट्रॅकवर दर आठवड्याला तेच चेहरे असतात. आज ज्याचं इंजिन उघडायला लावलं त्याच्याकडूनच पुढच्या शनिवारी जॅक मागायची वेळ येते. त्यामुळे माहीत असूनही गप्प बसणारे पुष्कळ. हा खर्च कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेला नसतो.

स्थानिक डांबरी आणि मातीच्या गोल ट्रॅकवर यावर एक मजेदार तोड काढली होती, ‘क्लेम’चा नियम. हरलेल्याने ठरलेली किंमत मोजायची आणि विजेत्याचं इंजिनच विकत घ्यायचं. मग चोरून महागडं इंजिन बसवणाऱ्याला ते स्वस्तात गमावण्याची धास्ती. इंजिन उघडायची गरज नाही, तपासनीसही नको. ड्रॅग रेसिंगमध्ये प्रत्येकाचं इंजिन हातमापाने शिवलेल्या कपड्यासारखं वेगळं असतं, म्हणून ही कल्पना तिथे तशीच्या तशी चालणार नाही. पण ब्रॅकेटच्या ब्रेकआउटसारखाच तिचा रोख योग्य जागी आहे: चोरीच महाग करा.

एनएचआरएने स्टॉक गटांत आणखी एक वाट धरली. तिथल्या हॉर्सपॉवर ठरवण्याच्या पद्धतीत एखाद्या इंजिन-गाडीच्या जोडीच्या वेळा वर्गाच्या ठरलेल्या वेळेपेक्षा फारच खाली जाऊ लागल्या, तर तिला लावलेली हॉर्सपॉवर वाढवली जाते आणि पुढच्या वेळी तिला जास्त वजन वाहावं लागतं किंवा वर्ग बदलावा लागतो. जुना निकाल तसाच राहतो. कुणी कुणावर बोट दाखवत नाही. अर्थात यालाही पळवाट निघाली: हुशार चालक शेवटच्या काही फुटांत ब्रेक लावून आपली खरी ताकद लपवतात. टाइम स्लिपवर अर्ध्या अंतराची वेळ झकास आणि शेवटचा वेग संशयास्पद कमी दिसला, की जाणकार गालातल्या गालात हसतात.

मुदती सुट्या केल्या तर

माझा आग्रह एवढाच, की तक्रार त्याच दिवशी व्हावी, पण तपासणीचा शेवट त्याच रात्री व्हायलाच हवा असं नाही. अधिकाऱ्याने संशयित भाग सील करावा, इंधनाचा नमुना दोन बाटल्यांत घ्यावा, एक चालकाकडे, एक ट्रॅककडे. डबीतलं इलेक्ट्रॉनिक्स असेल तर ते जाणकाराकडे पाठवावं. तोवर त्या वर्गाचा निकाल तात्पुरता ठेवून बक्षीस रोखून धरावं. एफआयएच्या संहितेतही मुदत संपल्यावर एक दार उघडं आहे: नवा, महत्त्वाचा आणि त्या वेळी उपलब्ध नसलेला पुरावा पुढे आला तर स्पर्धेचे स्टुअर्ड, म्हणजे निवाडा करणारे अधिकारी, आपला निर्णय पुन्हा तपासू शकतात. ते दार मुद्दाम अरुंद ठेवलंय, आणि तसंच असावं.

‘निकाल त्याच दिवशी लागलाच पाहिजे’ ही काही खेळाची घटना नाही. एनएचआरएने १९५५ मध्ये कॅन्ससमधल्या ग्रेट बेंड इथे आपली पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली तेव्हा पावसाने अंतिम लढती होऊच दिल्या नाहीत. त्या पुढे ॲरिझोनात उरकाव्या लागल्या. आजही पाऊस आला की मोठ्या स्पर्धांचे उरलेले सामने कधीकधी पुढच्या गावी होतात. पावसासाठी निकाल थांबू शकतो तर एका डबीसाठी थांबायला हरकत नसावी.

इंजिन न उघडता मोजण्याची साधनंही आता आहेत. स्पार्क प्लगच्या भोकातून हवा सोडून कॉम्प्रेशनचं गुणोत्तर सांगणारं ‘व्हिसलर’ नावाचं उपकरण आहे; त्याच भोकातून सिलिंडरचं आकारमान मोजणारे पंपही मिळतात. वर सांगितलेलं ३८३ असल्या पंपाने गॅस्केट न फाडता पकडता येतं. ट्रॅकने असं एक यंत्र घेतलं आणि दर आठवड्याला चिठ्ठी टाकून एका वर्गाच्या दोन्ही अंतिम गाड्या तपासल्या, तर निम्म्या तक्रारी कुणाला करायलाच लागणार नाहीत. आणि कुणी केलीच, तर तिची फी टेअरडाउनच्या नव्हे, प्लग काढण्याच्या खर्चाएवढी ठेवता येईल.

यात अडचण पैशांपेक्षा माणसांची आहे. छोट्या ट्रॅकवर दुपारी गाड्या तपासणारा, संध्याकाळी स्टेजिंगच्या रांगा लावणारा आणि रात्री बक्षिसाची पाकिटं वाटणारा माणूस कित्येकदा एकच असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचीही नोकरी असते. सील ठोकणं, पाकीट रोखणं आणि चिडलेल्या विजेत्याला ‘गुरुवारी फोन करतो’ असं सांगणं त्याच्याच गळ्यात पडतं. म्हणून नियम लिहिताना रोखलेल्या बक्षिसाचा धनी कोण, सील कुणासमोर फोडायचं आणि उत्तर किती दिवसांत द्यायचं, हे प्रवेशिकेवर सही घेण्याआधीच छापलेलं असायला हवं.